नुसती चिलापी

पाण्याचे नमुने घ्यायला आलेल्या पुतणीच्या होडीसमोर काका आडवे उभे राहिले. मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन. “पाणी खराब ठरवलंस तर धरणावरची मासेमारी बंद होईल. चालती हो!” “काका, मरळ संपली, वाम संपली. जाळ्यात नुसती चिलापी येतेय, घाणीतही तग धरणारी.” “मासा म्हणजे मासा! गिऱ्हाईक कुरकुरत नाही, तुझ्याच पोटात का दुखतंय?” त्यांनी तिच्या हातातली बाटली हिसकावून दगडावर आपटली. काठावर मासे निवडत बसलेल्या काकू ताडकन उठल्या. “गिऱ्हाइकाला कुठे माहितेय, आपल्या घरात हा मासा शिजत नाही ते? पोरांना घालू नकोस, असं तुम्हीच बजावलंत मला.” टोपल्या उचलणारे जागीच थांबले. “तोंड सांभाळ!” काका गुरगुरले. काकूंनी होडीत चढून वल्हं उचललं. “बस गं,” त्या पुतणीला म्हणाल्या, “कारखान्याचं पाणी सुटतं तिथं नेते.”