चिमाआजीचं मेट

"आजी, शर्यत संपली. उठा आता," शिरीष म्हणाला. चिमाआजी दगडावरून हलली नाही.

गडाच्या वाटेवर त्याने बांधलेल्या खुणेच्या रिबिनी सकाळी शेळ्यांनी फस्त केल्या, तेव्हा आयोजक म्हणून त्याच्यावर शर्यत रद्द करायची वेळ आली होती. मग खालच्या वाडीतली माणसं न बोलावता आली. त्यांचे पूर्वज जिथून गडाचा पहारा करत त्या जुन्या मेटांवर, म्हणजे वाटेवरच्या चौक्यांवर, प्रत्येक फाट्यावर एकेक जण वाट दाखवायला बसला. शेवटचं मेट चिमाआजीचं. "वर किती गेले?" एवढं विचारून तिने तेवढे खडे ओच्यात घेतले आणि धावत उतरणाऱ्या प्रत्येकामागे एक खडा खाली टाकला.

"येक खडा ऱ्हायलाय," ती म्हणाली.

"कुणीतरी मधूनच घरी गेला असेल हो."

"उतरायला हीच वाट हाय. माझ्या म्होरनं गेला न्हाई, म्हंजी वरच हाय."

खाली बक्षिसांसाठी पाहुणे ताटकळले होते. शिरीष चरफडतच वर चढला, आणि दाट कारवीत घसरून पडलेली एक पोरगी त्याला दिसली. घोटा सुजलेला, ओरडून ओरडून आवाज बसलेला.

भर दुपारी पोरीला पाठुंगळी घेऊन तो उतरला, तर आजी उन्हात तशीच बसलेली. दोघं समोरून गेली तसा तिने शेवटचा खडा टाकला, ओचा झटकला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"आता संपली," ती म्हणाली.