होल्याचा आवाज

मलेशियातल्या आमच्या कोता बारूच्या प्रयोगशाळेतलं दार तळहाताच्या शिरा ओळखून उघडतं. अबांनी, माझ्या वडिलांनी, ते यंत्र घडवलं. ते कुणाचं नाव साठवत नाही. जिवंत हात ओळखला, की ज्याने त्याने निवडलेला आवाज काढतं. अबांनी आपल्या पाळीव होल्याचा, त्या कबुतरासारख्या पक्ष्याचा, निवडला होता. ते गेल्यापासून तो ऐकू आला नव्हता.

आज यंत्राच्या मंजुरीची परीक्षा होती. परीक्षकांनी मेणाचे हात लावले, फोटो लावले. दार हललं नाही.

"हट्टी आहे गं, तुझ्या अबांसारखं!" अबांची जुनी सहकारी रोहाया हसली. माझी मान ताठ झाली.

तेवढ्यात होला घुमला. दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

"चुकलं की हो तुमचं यंत्र," परीक्षक म्हणाले.

"अबांचं यंत्र चुकत नाही," मी म्हणाले आणि वाट देण्यासाठी दारातून बाजूला सरले.