पाच जागची माती

"खताच्या गोणीतून तर नाही ना आणली?" अरुंधती मॅडमनी विचारलं.

"नाय मॅडम. धुतलेल्या फडक्यात हाय," म्हणत आनंदाने पुरचुंडी टेबलावर ठेवली.

गाठ पक्की होती, म्हणजे आनंदाच्या बायकोची, हौसाची होती. तिला दुसऱ्या कुणी मारलेली गाठ कधी पटतच नसे.

"पाच जागांवरून घेतलीत?"

"पाच. वीतभर खोल. ढेकळं फोडली, सावलीत वाळवली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले. तुमच्या कागदावर हाय तसंच केलंय."

मॅडम हसल्या. पनवेलच्या या संशोधन केंद्रात दिवसाला दहा शेतकरी सल्ला घेऊन जात आणि त्यातले नऊ घरी जाऊन आपल्याच मनाचं करत. आनंदा दहावा होता. सल्ल्याचा कागद त्याने देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता.

२००५च्या जुलैत खाडीचा बांध फुटला आणि रोडपालीच्या पलीकडच्या त्याच्या दीड एकरात भरतीचं पाणी उभं राहिलं. पुढच्या वर्षी लावलेली भाताची रोपं चार दिवसांत करपली. तेव्हा तो पहिल्यांदा इथं आला. मातीतल्या मिठाचा आकडा निघाला चौदा.

मॅडमनी सांगितलं, बांध घाला, पावसाचं पाणी शेतात कोंडा, आठ दिवसांनी सोडा, पुन्हा कोंडा. मीठ धुऊन जाईल. आकडा सहाच्या खाली आला की खाऱ्या जमिनीत तग धरणारं बियाणं देते, तोवर काही लावू नका.

आनंदा पाणी कोंडत राहिला आणि सोडत राहिला. बिनभाताच्या शेतात भर पावसात उभ्या असलेल्या या माणसाला गाव हसायचं. दुसऱ्या वर्षी आकडा आठ आला. त्या वर्षी मॅडम स्वतः बांध बघायला गावात आल्या होत्या. हौसाने त्यांना तांदळाची भाकरी आणि जवळा खाऊ घातला, आणि निघताना मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. एवढी शिकलेली बाई, कुणाची नजर लागेल म्हणून. मॅडम चांगल्याच लाजल्या होत्या.

ही तिसरी पुरचुंडी होती आणि शेवटची. आनंदाचा मुलगा परेश ज्या कंटेनर यार्डात नोकरीला होता, तो वाढत होता आणि मालकाला नेमका हा तुकडा हवा होता.

"बा, तीन साल मी काय बोललो नाय," परेश म्हणाला होता. "यंदा सहाच्या खाली आला, तर मी सोता चिखलात उतरतो. नाय आला, तर तुमी सही करायची."

आनंदाने कबूल केलं होतं. त्याला खात्रीच होती.

"मॅडम, यंदा शेतात बेडकं झाली," तो आता म्हणाला. "माती जिभेवर ठेवली, तर खारट नाय लागली. मिठागरात वाढलेली जीभ हाय माझी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"जीभ फसते, आनंदाराव. यंत्र फसत नाही."

हे आनंदाला पटलं. इतक्या वर्षांत मॅडमचं सगळंच त्याला पटत आलं होतं.

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा कागद तयार होता. मॅडमनी तो लगेच पुढे केला नाही.

"आठ पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या. "मलाही खरं वाटेना. तीच माती पुन्हा तपासली, पुन्हा तेवढंच आलं."

"बेडकं?"

"वरच्या पाण्यात होत असतील. खालून खाडीचं पाणी झिरपत असणार, त्याला तुमचा बांध काय करणार?"

"अजून एक साल कोंडलं तर?"

मॅडमनी कागद पुढे केला. "मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. माझा सल्ला विचाराल तर, सोडा."

आनंदाने कागदाची घडी खिशात घातली आणि हात जोडले. राग कुणाचाच आला नाही. लाज वाटली ती स्वतःच्या जिभेची.

त्याने सही केली. हौसा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी डंपर आले आणि दुपारपर्यंत अर्ध्या शेतावर मुरूम पडला. उरलेल्या अर्ध्यात उतरून आनंदाने सवयीने पाच जागची माती घेतली आणि त्याच फडक्यात घरी आणली.

परेश करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला निघाला होता. सामान टेम्पोत चढलं होतं.

"ही तुझ्या तुळशीला घाल," आनंदा त्याला म्हणाला. "खारी हाय, तुळस जगायची नाय. पण घाल."

परेशने मान खाली घालून हात पुढे केला. "थांब, गाठ मारून देते," म्हणत हौसाने फडकं आपल्याकडे ओढलं आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिची उजवी मूठ मिटलेली होती. उंबऱ्याशी बसून तिने ती मूठ मातीवर उघडली आणि चारही टोकं जुळवली.

"काय टाकलंस ग?" आनंदाने विचारलं.

"मीठ," गाठ आवळत हौसा म्हणाली. "आपली माती उंबऱ्याभाईर जाते, नजर नको लागायला. तुमी दरसाल मॅडमकडं न्यायचे, तवा पण टाकायची की मी."