डाव्या हाताचा खेळ

“नुसतं चालू करून काय कळतंय? एक गेम खेळून दाखवा, मग घेते,” रश्मी म्हणाली.

रविराजनं मान खाली घातली. भर दुपारी अंगाभोवती शाल लपेटून तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. तिच्याच वयाचा, विशी-एकविशीचा पोरगा. ती आल्यापासून तो खुर्चीतून उठला नव्हता, की धड चार शब्द बोलला नव्हता.

रश्मी तिसगावहून दोन गाड्या बदलून मिरजगावला आली होती. गेम खेळायचा कॉम्प्युटर तिनं घरी एकेक तुकडा जमवत उभा करत आणला होता. कॅबिनेट भंगारवाल्याकडचं, मॉनिटर बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधला, बाकीचं असंच इकडून तिकडून. गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारं ग्राफिक्स कार्ड तेवढं राहिलं होतं आणि नवं घ्यायची ऐपत नव्हती. मोबाईलवर रविराजची जाहिरात दिसली तेव्हा ती आधी हरखली, मग तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकं चांगलं कार्ड कुणी असं मातीमोल का विकेल? मागं रॅम घेताना ती अशीच फसली होती. या खेपेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पर्स उघडायची नाही, असं ठरवूनच ती निघाली होती.

“चालू तर हाय. दिसतंय की,” रविराज म्हणाला.

“बिघडलेलं कार्ड असंच असतं. आधी बरं चालतं, अन् भारी गेम लावला की पडद्यावरचं चित्र फाटायला लागतं. तुम्ही खेळा, मी मागं उभी राहून बघते.”

“तुमीच खेळा की.”

“तुमचं मशीन, तुमचा गेम. सवय तुम्हाला. का काही लपवताय?”

रविराजची आई विजयमाला चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती तिथंच थबकली.

रविराजनं उजव्या हातानं शाल ओढून बाजूला टाकली. शर्टाची डावी बाही कोपराच्या वर दुमडून पिनेनं टाचलेली होती. तिच्याखाली काही नव्हतं.

नजर कुठं न्यावी ते रश्मीला कळेना. तिला स्वतःचंच शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

“कुट्टी मशीनमधी हात गेला,” विजयमाला हळू आवाजात म्हणाली. “दिवाळीच्या तोंडावर. वैरन घालीत हुता. तवापासून घरात त्याचा आवाज न्हाई. मी म्हनलं, नगं इकू, ऱ्हाऊ दे. तर म्हनतो, डोळ्यासमूर नगं.”

“आई, तू गप.”

“दादा, चुकलं माझं,” रश्मी कशीबशी म्हणाली. “मला नाही काही बघायचं. मी असंच घेते.” ती पर्सची चेन ओढू लागली. चेन निघेना.

“न्हाई,” रविराज म्हणाला. “एवढ्या लांबनं आलाय, तर बघूनच घ्या.” त्यानं खुर्ची उजवीकडं सरकवली आणि पायानं शेजारचं स्टूल पुढं ढकललं. “बसा. की-बोर्ड तुमी घ्या. माऊस माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.”

ती बसली.

गेम गोळीबाराचा होता. त्यात डाव्या हातानं पळायचं, उड्या मारायच्या. उजव्या हातानं नेम धरायचा. एका माणसाचं काम दोघांनी वाटून घेतलं. सुरुवातीला नुसता गोंधळ. तो नेम धरी एकीकडं, ती पळे भलतीकडं, आणि पडद्यावरचा शिपाई भिंतीला धडका देत राही. मग हळूहळू मेळ बसत गेला. त्याची मान कलली की तिला वळण कळू लागलं. चित्र कुठं फाटत नव्हतं, अडकत नव्हतं. पण कार्डाकडं आता लक्ष होतं कुणाचं?

“डावीकडं जावा. आता डावीकडं… अगं, डावीकडं पळ!”

रविराज मोठ्यानं ओरडला. दारात विजयमालानं पदर तोंडाला लावला. हातातला चहा गार होऊन गेला होता, आणि तो द्यायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

शिपाई जिना चढून गच्चीवर आला. मागं दोघंजण लागलेले. पुढं गच्ची संपत होती, मधे अरुंद बोळ आणि पलीकडं दुसरी गच्ची.

“उडी!”

रश्मीनं स्पेसबार दाबला. एक निमिष उशीर झाला. शिपाई बोळात कोसळला आणि पडदा लाल झाला.

“माझ्यामुळं गेला,” ती म्हणाली. “उशिरा दाबलं मी.”

तिनं वळून रविराजकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डावा खांदा की-बोर्डाच्या दिशेनं पुढं झुकला होता, आणि टाचलेली बाही ताणून थरथरत होती.

“मी तर कवाच दाबलं हुतं,” तो म्हणाला.