पाऊन शेराची पिशवी

तू फक्त आयक. मधात बोलू नको.

गोमतीबाई कापसाच्या काट्यावर उभी होती. जऊळक्याच्या ठेसनापाशी पडीत वावरात इमान आलं होतं. दोन मजली पंखाचं, वरून उघडं. एक गोरा साहेब लोकायले दहा मिन्टं आभायात फिरवून आनून राह्यला होता. पन आधी मानूस तोलाचा, मंगच बसवाचा. तोलाचं काम मेहबूबकडं. थो मंगरूळपीरचा मोटर-डायवर, साहेबाची बोली त्याले थोडीबहुत समजे.

"मावशी, मानूस चालते, गाठोडं नाही चालत," मेहबूब म्हने. "मांडीवर मावंल तेवढीच पिशवी, हे साहेबाचं सांगनं हाये. दहा मिन्टाच्या फेरीले एवढं कायले? मुक्काम ठोकतं का तिथं?"

लोक खो खो हासले. गोमतीबाई नाही हासली.

त्या गाठोड्यात सारं लेकीसाठी होतं. एकच लेक, रूपाबाई, किन्हीराजाले देल्लेली. पहिलीच खेप, सातवा महिना. अन् मायनं तीन वर्सात तिचं तोंड पाह्यलं नव्हतं.

झालं काय, का लग्नात सासऱ्यानं, शालिकरामनं, आहेराचं पागोटं भर मांडवात फेकलं. "हे पागोटं हाये का पोतेरं?" पोरीचा बाप रंगराव भाजीपाला पिकवनारा मानूस, पन ताठा पाटलाचा. थो उठला अन् गरजला, "माह्या घरच्या कोनाचा पाय तुह्या गावच्या मातीले लागला, त मी बापाचा नाही!" शालिकराम त्याच्याहून वरताण. बाळंतपनाची गोष्ट निघाली, तवा त्यानं निरोप धाडला, सुनेले माहेरी न्याचं असंल त बापानं वाकून न्यावं. वाकून! अरे, रंगराव वांगे तोडाले बी उकिडवा बसे, वाकत नसे.

अन् मंग गोमतीबाईनं आयकलं, का इमान किन्हीराजावरून घिरटी घालून येते. मातीले पाय लागाचा नाही, बरं. पन आभायाची त कोनी शपथ खाल्ली नव्हती!

तिनं काट्यावरच गाठोडं सोडलं. लाडवाचा डबा काढला. लोनच्याची बरनी काढली. नारय काढाले काही तिचा जीव होये ना.

"काढ मावशी, काढ. वरून टाकशीन, त कोनाचं टायकं फोडशीन!"

नारयही निंघाला. राह्यलं एक हिरवं लुगडं, एक खन, अन् हयद-कुकवाच्या दोन पुड्या. थे एका पिशवीत घालून तिचं तोंड तिनं सुतयीनं बांधलं. मेहबूबनं तोललं. पाऊन शेर.

रंगराव बाजूले उभा होता. डोक्यावर लाल पागोटं, तोंड पाडलेलं. त्या पागोट्याबिगर त्याले गावानं कधी पाह्यलं नव्हतं. सकाऊनपासून थो एकच वाक्य बोलला होता. "जाय. मी काही म्हनत नाही."

"पिशवी राहू दे रंगरावमामाजवळ," मेहबूब म्हने. "तू आधी बस, मावशी. मंग देतो वर."

तिले चढवलं. डोक्यावर चामड्याची टोपी, डोयावर काचा, कमरेले पट्टा. पंखा फिरला, असा धुरया उडाला का कोन कुठी उभं हाये काहीच दिसे ना. तेवढ्यात मेहबूबनं पिशवी वर देल्ली. तिनं मांडीवर घट्ट धरली. मघापेक्षा जड लागली तिले. भेवानं हात गयाले असतीन, दुसरं काय!

अन् उडालं ना राजा! तिनं हिंमत करून खाली पाह्यलं. लोकायचे डोके मुगाच्या दान्यायवानी. त्याईच्यात तिनं लाल ठिपका शोधला. सापडला नाही. सारे टोप्या-मुंडाशावाले, अन् मधात एकच उघडं डोकं. एवढ्या उन्हात उघडं डोकं, कोन येडा म्हनावं हा? रूपाचा बाप त रागानं घरी गेला दिसते.

मंग किन्हीराजा आलं. हिरीपाशी कवेलूच्या छपराचं घर एकच, वयखाले वेय नाही लागला. आवाजानं सारे आंगनात धावले. अन् त्याईच्यात एक हात कमरेवर, एक पोटावर, मान वर करून उभी, रूपी! गोमतीबाई रडून राह्यली होती का हासून राह्यली होती, त्या काचायच्या आत तिचं तिलेच समजे ना.

मेहबूबनं समजावून ठेवलं होतं, तसा साहेबानं हात हालवला. टाक आता!

तिनं पिशवीची गाठ चाचपली. गाठ तिची नव्हती. भाजीचं पोतं बांधतेत ना, तशी दुहेरी आवयलेली, रंगरावची गाठ होती. तिनं घाईघाईनं सोडली. लुगड्यावर घडी घालून ठेवलेलं होतं लाल पागोटं. आतून आखीन घामानं ओलं.

तिनं तीच गाठ, तशीच दुहेरी, पुन्हा बांधली. अन् देल्लं सोडून.

खाली उतरली तवा रंगराव तिथंच उभा होता, उन्हात, उघड्या डोक्यानं. तिच्याकडं न पाहता म्हने, "आपल्या घरचा पाय लागला का त्या मातीले?"

"नाही."

"मंग झालं त."

त्याच सांजेले त्याईच्या दारात बैलाची दमनी येऊन उभी राह्यली. आत गादीवर रूपी. पुढून शालिकराम उतरला, लाल पागोटं दोन्ही हातावर घेऊन. रंगरावनं हात पुढं केला, त त्यानं पागोटं मांगं घेतलं.

"हातात नाही देनार," म्हने. "मी सोता घालीन. वाक जरा."

आता सांग गड्या, तू रंगराव असता, त काय केलं असतं?