एकाच मुशीत

मुशीतलं सोनं पातळ झालं, चकाकू लागलं, आणि तेव्हा कुठे सोनाराच्या लक्षात आलं की दुसरी मूस रिकामीच आहे.

"मेलो," तो पुटपुटला.

चूक सवयीची होती. उभा जन्म तो तबकातलं सगळं सोनं एकदम मुशीत लोटत आला होता. आज तबकात दोन ढीग होते. एकीकडे नवरीच्या आजीची कर्णफुलं, दुसरीकडे नवरदेवाच्या घरातलं जाडजूड कडं, तुकडे करून ठेवलेलं. कर्णफुलांची तिची अंगठी व्हायची होती, कड्याची त्याची. हाताने आपलं नेहमीचं काम केलं. डोकं बिचारं चहाची वाट बघत होतं.

आणि नवरदेवाची आई समोरच बाकावर बसलेली. ती देखरेखीलाच आली होती. "दोन मुशी, दोन अंगठ्या. इकडचा कण तिकडे होता कामा नये," हे तिने इतक्यांदा बजावलं होतं की दुकानातल्या पंख्यालाही पाठ झालं असेल.

शेजारी होणारी सून बसली होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ते वाक्य ऐकलं की दर वेळी तिचा चेहरा उतरायचा. आमचं सोनं यांच्या सोन्याला लागलेलं चालत नाही, मग मी यांच्या घरात कशी चालणार? लग्न आठवड्यावर आलं होतं आणि हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

सोनाराने मान खाली घालून सांगून टाकलं. लपवणार तरी काय? रिकामी मूस आ वासून बसली होती.

"वेगळं करा," सासू म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, ते आता ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही."

नवरीला राहवलं नाही. तिच्यातली मास्तरीण जागी झाली, आणि मास्तरणीच्या आडून दुखावलेली मुलगी बोलू लागली.

"आई, वेगळं काय करणार? सोन्याच्या प्रत्येक अणूच्या पोटात एकोणऐंशी प्रोटॉन असतात. एक कमी झाला की ते प्लॅटिनम, एक वाढला की पारा. तुमच्या सोन्यातही तेवढेच, आमच्याही तेवढेच. अणूवर काही घराण्याचं नाव कोरलेलं नसतं. आणि हे सोनं ना तुमच्या घरात तयार झालं, ना आमच्या. पृथ्वी जन्मायच्या आधी कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, तेव्हाचं आहे ते. आमचं लागलेलं तुम्हाला एवढं का खुपतं?"

सासू तिच्याकडे वळली.

"खुपतं? अगं वेडे, मला तुझं जपायचं होतं."

मग मुशीकडे बघत तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेरच्या बांगड्या तिच्या सासूने न विचारता याच कड्यात वितळवल्या होत्या. तेव्हा ब्र काढायची सोय नव्हती. पण कडं हातात आलं की ती ते उलटंसुलटं करून बघायची.

"यातलं माझं नेमकं कुठलं, तेच शोधत राहिले गं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच वाटत होतं."

नवरीचा राग कुठल्या कुठे गेला. आपण या बाईबद्दल काय काय मनात आणलं, याची तिला भयंकर लाज वाटली. सोनार उगीचच चिमटा पुसत बसला.

"पण आई, शोधायचं काय त्यात?" ती सासूच्या जवळ सरकली. "वितळलं की अणू सगळीकडे पसरतात. यातला सुईच्या टोकाएवढा तुकडा घेतलात तरी त्यात तुमच्या बांगड्यांचे कोट्यवधी अणू असणारच. कुठेही बोट ठेवा, तिथे तुमचं आहे."

सासू उठली. मुशीवर वाकून बराच वेळ बघत राहिली. चेहऱ्याला धग लागत होती, तरी हटली नाही. मग तिने डोळे पुसले आणि चक्क हसली.

"सोनारदादा," ती म्हणाली, "दोन नको, तीन अंगठ्या करा."