सुकती

बाबा नऊ वर्षं कोकणातल्या खडपवाडीच्या शाळेवर मास्तर होते. बदली होऊन मुखेडला परतले ते दोन शब्द घेऊन. ओसरीवरच्या रांजणात येता-जाता हात बुडवायचे आणि म्हणायचे, "भरती." कधी म्हणायचे, "सुकती." सुकती म्हणजे तिकडची ओहोटी.

भरतीला माय हसायची. "हितं काय पोलिसाची भरती हाय का?" सुकती मात्र तिला खपायची नाही. पाण्यासाठी दोन-दोन कोस चाललेली बाई ती. "भरल्या रांजणाला असं म्हनू नये," म्हणायची.

बाबा गेले त्याला वर्ष झालं, तेव्हा मी खडपवाडी बघायला गेलो. काळे टोकदार खडक, त्यावर वाळत घातलेली जाळी. बाबांच्या घरमालकीण तांडेलकाकी मला पार टोकापर्यंत घेऊन गेल्या. "गुरुजी सुकतीला इथंच उभे राहायचे," त्या म्हणाल्या.

भर दुपार होती. पाणी मागं हटू लागलं होतं. मायनं समुद्र कधी बघितलेला नाही. लाटा तरी ऐकवाव्यात म्हणून मी तिला फोन लावला आणि हात पुढं धरला.

"हे काय ऐकवून राहिलास?" ती म्हणाली. "सकाळपासून रांजणातून हेच येऊन राहिलंय."

मी हसलो. तेवढ्यात फोनवर, तिकडे पाण्यात कुणीतरी हात बुडवल्याचा आवाज झाला. घरी माय एकटीच असते.

 मग ती बोलली, पण माझ्याशी नाही. फोनपासून तोंड वळवून, हळूच.

"आवो, भरल्या रांजणाला असं म्हनू नये."